मुलांची शर्यत आणि पालकांची थैली

अमेरिकेत हौशी मोटोक्रॉसची, म्हणजे मातीच्या उंचसखल ट्रॅकवरील मोटरसायकल शर्यतींची, नवी नियमपुस्तिका हंगामाच्या तोंडावर बाहेर पडते आणि दरवर्षी तोच वाद नव्याने पेटतो. एका बाजूचे पालक म्हणतात की वयोगट, चाकांचे आकार आणि इंजिनांची क्षमता यांत सतत फेरफार करून अमेरिकन मोटरसायकलिस्ट असोसिएशनने, म्हणजे एएमएने, हा खेळ सर्वसामान्य कुटुंबाच्या आवाक्याबाहेर नेऊन ठेवला आहे. दुसऱ्या बाजूचे उत्तरही ठरलेले असते: मोटरशर्यत स्वस्त कधीच नव्हती, ज्याला झेपत नसेल त्याने मुलाच्या हातात बास्केटबॉल द्यावा. मला हा वाद दोन्हीकडून चुकीचा चाललेला दिसतो. पहिल्यांना प्रत्येक नियम म्हणजे भुर्दंड वाटतो आणि दुसऱ्यांना खर्च हा जणू निसर्गक्रम वाटतो. माझे म्हणणे असे की खर्च नियमांमुळे वाढत नाही. नियम पैशाला जिथे वाट मोकळी ठेवतात तिथून तो वाढतो. म्हणून निदान बारा वर्षांखालील वर्गांत तरी, पैशाने विकत घेता येणारा वेग रोखणे हे नियमांचे सुरक्षिततेखालोखालचे काम मानले पाहिजे, आणि असा नियम एकदा केला की पुरेशी पूर्वसूचना दिल्याशिवाय त्याला हात लावता कामा नये.

हा पैसा कुठून आत शिरतो हे समजण्यासाठी या शर्यतींची रचना पाहावी लागते. टेनेसी राज्यातील हरिकेन मिल्स इथे, गायिका लोरेटा लिन यांच्या रँचवर, १९८२पासून हौशी मोटोक्रॉसची राष्ट्रीय स्पर्धा भरते. तिथे पोहोचण्यासाठी आधी विभागीय आणि मग प्रादेशिक पात्रता फेरी पार करावी लागते. वीस हजारांच्या आसपास स्पर्धक सुमारे १,५०० जागांसाठी झगडतात आणि प्रत्येक वर्गात शेवटी सुरुवातीच्या फाटकामागे ४२ गाड्या उभ्या राहतात. सर्वांत लहान वर्गातील मुले चार ते सहा वर्षांची असतात. रिकी कारमायकेल, जेम्स स्टुअर्ट, ट्रॅव्हिस पास्त्राना हे नामांकित शर्यतपटू याच वाटेने पुढे गेले, त्यामुळे प्रत्येक पालकाच्या डोळ्यांसमोर एक नाव असते आणि त्या नावापर्यंत जाणारा रस्ता एकच दिसतो. अशा रचनेत वेग सापेक्ष असतो. शेजारच्या तंबूतल्या मुलाच्या ६५ सीसी गाडीचे सिलिंडर पोर्ट करून (ताकद वाढावी म्हणून आतली वायुद्वारे घासून मोठी करून) आले, तर माझ्या मुलाची कालपर्यंत पुरेशी असलेली गाडी आज अपुरी ठरते. मीही तेच काम करून घेतो. मग सगळेच करून घेतात. आणि शेवटी फाटकामागची क्रमवारी होती तिथेच राहते. बदललेले असते फक्त आत येण्याचे मोल. या खेळातील सर्वांत श्रीमंत कुटुंबाला जेवढा खर्च करण्याची मुभा नियम देतात, तेवढा खर्च थोड्याच काळात इतर सर्वांसाठी किमान अट होऊन बसतो. ही एखाद्या पालकाची हाव म्हणता येणार नाही. शर्यत म्हटली की हे होणारच, आणि म्हणूनच त्याला आवर घालणे एकट्या पालकाच्या हाती नसते.

हा खर्च जवळून पाहिला म्हणजे त्याचे स्वरूप कळते. लहान टू-स्ट्रोक गाडीच्या हँडलबारजवळ किंवा फ्रेमवर एक छोटासा अवर मीटर चिकटवलेला असतो. इंजिन किती तास चालले ते तो दाखवतो, आणि शर्यतीच्या वापरात पिस्टन व रिंगा त्या तासांच्या हिशोबाने बदलल्या जातात. हे काम तसे साधे आहे. टाकी काढायची, सायलेन्सर आणि एक्झॉस्टचा पाइप सोडवायचा, हेड उघडून सिलिंडर वर ओढायचे, पिनच्या क्लिपा जपून काढायच्या, नवा पिस्टन बसवून गॅस्केट बदलायचे. सवय असलेला बाप दुपारभरात उरकतो आणि मुलगी शेजारी बसून बोल्ट चुंबकाच्या ताटलीत टाकत असते. इथवर हा खेळ अजूनही हौशी आहे. पण स्पर्धेसाठी एक आणि सरावासाठी दुसरी अशा दोन गाड्या, मुलाच्या वजनाप्रमाणे पुन्हा बसवलेले सस्पेन्शन, आणि वाढत्या वयाबरोबर ५० वरून ६५, ६५ वरून लहान चाकांची ८५, मग मोठ्या चाकांची ८५ अशी उडी, हे सारे एकत्र केले की पिस्टनचा खर्च किरकोळ वाटू लागतो. त्यावर जॉर्जिया, फ्लोरिडा, साउथ कॅरोलिना अशा राज्यांतील प्रशिक्षण केंद्रे, तिथे महिनोन्महिने मुक्काम, आणि त्यासाठी शाळा सोडवून घरीच चालवलेला अभ्यास. दहा वर्षांच्या मुलाचे कुटुंब त्याच्या हौसेपायी घर सोडून गाडीत राहू लागते, तेव्हा त्याला हौस म्हणावे का?

विरुद्ध बाजूचे काही मुद्दे खरोखर वजनदार आहेत. सुरक्षिततेचे नियम खर्च वाढवतात आणि वाढवलेच पाहिजेत. चांगले हेल्मेट, मानेचा आधार, मैदानावर रुग्णवाहिका यांत काटकसर सुचवणाऱ्याशी मला बोलायचेही नाही. गाड्यांच्या किमती महागाईनेही वाढल्या आहेत आणि त्यावर कोणत्याही नियमपुस्तिकेचा इलाज चालत नाही. कावासाकीची टीम ग्रीन, केटीएमची ऑरेंज ब्रिगेड, यामाहाची ब्लू क्रू यांसारख्या योजनांनी हुशार मुलांना गाड्या, सुटे भाग आणि बक्षिसाच्या रकमा दिल्या. त्या नसत्या तर काही कुटुंबे कधीच टिकली नसती. आणि सर्वांत मोठा मुद्दा स्वातंत्र्याचा: आपल्या मुलावर आपला पैसा खर्च करणाऱ्या पालकाला अडवणारे तुम्ही कोण? याला माझे उत्तर असे की कोणीही कोणाला अडवत नाही. ज्याला हवे त्याने आपल्या शेतात हवी तशी गाडी पळवावी. पण शर्यत हा सामायिक व्यवहार आहे, आणि सामायिक व्यवहारात माझा खर्च तुमच्यावर लादला जातो. उत्पादकांच्या मदतीबद्दलही एक गोष्ट विसरली जाते: ती आधीच जिंकू लागलेल्या मुलाला मिळते, आणि जिंकू लागण्यापर्यंतचा खर्च मात्र कुटुंबालाच करावा लागतो.

नियमांनी वाट मोकळी ठेवली की खर्च कसा वाढतो याचे सर्वांत मोठे उदाहरण मोटोक्रॉसच्या स्वतःच्याच इतिहासात आहे, आणि त्यातून सहसा चुकीचा धडा काढला जातो. फोर-स्ट्रोक इंजिने जड आणि मंद होती तेव्हा नियमांनी त्यांना टू-स्ट्रोकसमोर क्षमतेची सवलत दिली. १२५ सीसी टू-स्ट्रोकसमोर २५० सीसी फोर-स्ट्रोक, म्हणजे सरळ दुप्पट. त्या काळात ही सवलत न्याय्य होती. पुढे १९९७ मध्ये लास व्हेगासच्या सुपरक्रॉसमध्ये, म्हणजे स्टेडियममध्ये भरणाऱ्या मोटोक्रॉसमध्ये, डग हेन्रीने यामाहाच्या फोर-स्ट्रोकवर शर्यत जिंकून दाखवली, १९९८ मध्ये वायझेड४००एफ आणि २००१ मध्ये वायझेड२५०एफ विक्रीला आल्या, आणि काही वर्षांत व्यावसायिक फाटकामागून १२५ टू-स्ट्रोक जवळजवळ नाहीशी झाली. अभियांत्रिकी पुढे गेली आणि नियम जिथल्या तिथे राहिला. वर सांगितलेले दुपारभराचे काम फोर-स्ट्रोकच्या इंजिनात राहिले नाही. व्हॉल्व्ह, कॅम, टायमिंग चेन यांची जुळणी आली, आणि चुकून व्हॉल्व्ह तुटून पिस्टनवर आदळला तर सिलिंडर हेडसकट सारे इंजिनच नव्याने बांधण्याची पाळी येते, त्याचा खर्च हजारो डॉलरमध्ये जातो. यावरून ‘टू-स्ट्रोक परत आणा’ ही घोषणा निघाली, ती मला अपुरी वाटते. किशोरांसाठी १२५ टू-स्ट्रोकचा स्वतंत्र वर्ग आहे आणि तो चांगलाच आहे. पण टू-स्ट्रोकवरही पोर्टिंग, हेड आणि पाइप यांवर हवा तेवढा पैसा ओतता येतो. प्रश्न इंजिन कोणत्या जातीचे हा नव्हता. क्षमतेचे समीकरण एकदा लिहून ठेवले, आणि त्याचे परिणाम कुटुंबांच्या खिशाशी ताडून पाहण्याची जबाबदारी कोणीच घेतली नाही, हा होता.

मग नियम खर्च रोखू शकतात का? शकतात, आणि याच खेळात ते घडलेले आहे. १९८०च्या दशकाच्या मध्यापर्यंत अमेरिकेच्या व्यावसायिक मोटोक्रॉसमध्ये कारखान्यांच्या हाताने घडवलेल्या, कुठल्याही दुकानात न मिळणाऱ्या गाड्या धावत. १९८६पासून एएमएने विक्रीच्या गाडीवर आधारलेलीच गाडी शर्यतीत चालेल असा नियम केला. तेव्हाही खेळाची प्रगती खुंटेल असा इशारा दिला गेला. झाले असे की कारखान्यांनी आपली सारी बुद्धी विक्रीच्या गाडीत ओतली आणि सामान्य ग्राहकाच्या हाती पूर्वीपेक्षा कितीतरी चांगली गाडी आली. मुख्य भागांवर बंधन आल्यावर पैसा सस्पेन्शन आणि इंजिनाच्या अंतर्भागाकडे वळला, हेही खरे आहे. पण वळलेला पैसा आणि मोकाट पैसा यांत फरक असतो. त्या नियमाने शर्यत जिंकणाऱ्या गाडीला दुकानातल्या गाडीशी बांधून ठेवले, आणि मुलांच्या वर्गात आपल्याला नेमके तेवढेच हवे आहे.

मुलांच्या शर्यतींत बंधन सोडले की काय होते, हे १९७३ मध्ये ओहायोतील ॲक्रन शहरात साऱ्या देशाने पाहिले. ऑल-अमेरिकन सोप बॉक्स डर्बी ही उतारावरून बिनइंजिनाच्या गाड्या सोडण्याची स्पर्धा, आणि गाडी मुलाने स्वतः बांधायची हा तिचा प्राण. त्या वर्षीच्या विजेत्या चौदा वर्षांच्या मुलाच्या गाडीचा एक्स-रे काढला तेव्हा तिच्या नाकात विद्युतचुंबक सापडला. सुरुवातीची लोखंडी फळी खाली पडताना तो गाडीला पुढे ओढत असे. विजेतेपद काढून घेतले गेले. त्यामागे एक पैसेवाला आणि उद्योगी नातलग होता. लोकांनी या घटनेकडे लबाडीची गोष्ट म्हणून पाहिले. मला त्यात त्याहून मोठी गोष्ट दिसते: त्या चुंबकाच्या कितीतरी आधीपासून ती स्पर्धा मोठ्यांनी, मोठ्यांच्या साधनांनी आणि मोठ्यांच्या पैशाने लढवायला सुरुवात केली होती, आणि मुलगा फक्त आत बसत होता. आज त्या डर्बीतल्या गाड्या अधिकृत किटमधून बांधल्या जातात. स्पर्धा टिकली आहे, मुले अजूनही स्वतःच पाने फिरवतात.

याहून जवळचा दाखला कार्टिंगचा, म्हणजे छोट्या उघड्या चारचाकींच्या शर्यतींचा आहे. ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनचे २०६ इंजिन कारखान्यातूनच क्रमांकित सील लावून येते. सील तुटलेले आढळले की इंजिन बाद. लहान मुलांसाठी ताकद कमी करायची ती कार्ब्युरेटरच्या वेगवेगळ्या स्लाइड बसवून, आणि मूल मोठे झाले की इंजिन तेच राहते, स्लाइड बदलते. एवढ्याशा युक्तीत मला मुलांच्या मोटारखेळाचे फार मोठे शहाणपण दिसते. तपासणी सोपी, कारण सील पाहायला तज्ज्ञ लागत नाही. इंजिन वर्षानुवर्षे टिकते. आणि कोणाच्या मामाकडे इंजिनाचे वर्कशॉप आहे याला काहीही महत्त्व उरत नाही. ५० आणि ६५ सीसीच्या गाड्यांत असे का होऊ नये? मोटोक्रॉसमध्ये धूळ, चिखल आणि वारंवारची दुरुस्ती असते, सील टिकणार नाही, हा आक्षेप अंशतः खरा आहे. टू-स्ट्रोकचा पिस्टन बदलायला सिलिंडर काढावेच लागते. पण सील सिलिंडरलाच लावले पाहिजे असे नाही. इग्निशनचा बॉक्स, कार्ब्युरेटर आणि एक्झॉस्टचा पाइप कारखान्याचाच हवा एवढे बंधन ठेवले, सिलिंडरचे पोर्ट मोजायला साधा गेज ठेवला, तरी बहुतेक महागड्या वाटा बंद होतात.

अंमलबजावणीचा आक्षेप मात्र टाळता येत नाही. ‘स्टॉक’ वर्ग आजही आहेत. त्यांत इंजिन कारखान्यातून आले तसेच असावे लागते, आणि राष्ट्रीय स्पर्धेत विजेत्यांची इंजिने उघडूनही पाहिली जातात. अडचण खालच्या पायरीवर आहे. रविवारच्या स्थानिक शर्यतीत दोन-चार स्वयंसेवक सगळा दिवस चालवतात. ते इंजिने कधी उघडणार? तक्रार करायची तर तक्रारदाराने शुल्क भरायचे, आणि पुढच्या आठवड्यात त्याच कुटुंबाच्या शेजारी तंबू ठोकायचा. म्हणून मला इथे अमेरिकेच्या मातीच्या ट्रॅकवरील मोटारशर्यतींतला जुना उपाय आठवतो: ठरलेल्या रकमेला प्रतिस्पर्ध्याचे इंजिन विकत मागण्याचा हक्क. दहा हजार डॉलर खर्चून बांधलेले इंजिन कोणी ठरलेल्या, कितीतरी कमी रकमेला उचलून नेऊ शकते हे कळले की दहा हजार खर्च करण्याचे कारणच संपते. १९७०च्या दशकात एएमएच्या व्यावसायिक मोटोक्रॉसमध्येही असा हक्क होता आणि तो कारखान्यांना रोखू शकला नाही; ज्यांच्यामागे अख्खी कंपनी उभी आहे त्यांना एक गाडी गेल्याचे दुःख नसते. पण आठ वर्षांच्या मुलाच्या वडिलांना असते. जो उपाय कारखान्यांवर चालला नाही तो कुटुंबांवर चालेल असे मानायला पुरेसे कारण आहे, आणि त्याला ना तज्ज्ञ लागतो ना प्रयोगशाळा.

आता नियमबदलांविषयीच्या तक्रारीकडे येतो, कारण तिच्यात एक खरा मुद्दा दडलेला आहे जो पालकांना स्वतःलाही नीट मांडता येत नाही. या खेळाचे खरे प्रवेशद्वार शोरूममध्ये नसून सेकंडहँड बाजारात असते. एका कुटुंबाची मुलगी ६५ वरून ८५ वर गेली की तिची गाडी दुसऱ्या कुटुंबाकडे जाते, आणि त्या विक्रीतून पुढच्या गाडीचा निम्माशिम्मा पैसा उभा राहतो. मुलांची गाडी दोन-तीन हंगामांपुरतीच वापरात असते, त्यामुळे ती परत किती किमतीला जाईल यावर सगळा हिशोब अवलंबून असतो. चाकाच्या आकाराची किंवा वयाची मर्यादा अचानक सरकवली की एका रात्रीत शेकडो गाड्या चुकीच्या वर्गातल्या ठरतात. नुकसान नव्या गाडीच्या किमतीइतकेच नसते. हातातल्या जुन्या गाडीचे मोलही बुडते. इथे पालकांचा राग पूर्णपणे योग्य आहे. नियम बदलूच नये असे नाही. पण बदल दोन-तीन हंगाम आधी जाहीर करावा, म्हणजे गाड्या आपल्या नैसर्गिक फेऱ्यातून बाहेर पडतील.

आणि हे एएमएला आणि उत्पादकांना नव्याने सांगण्याची गरज पडू नये. २००८च्या ग्राहक-सुरक्षा कायद्याने मुलांच्या वस्तूंतील शिशावर मर्यादा घातली, आणि १० फेब्रुवारी २००९ला ती लागू झाली तेव्हा बारा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या मोटरसायकली दुकानांतून काढून घ्याव्या लागल्या, कारण इंजिनाच्या आणि ब्रेकच्या भागांत शिसे होते. ते भाग कोण चाटणार होते? कॅलिफोर्नियात रिव्हरसाइड इथे जुने स्पर्धक आणि विक्रेते माल्कम स्मिथ यांनी कायदा उघडपणे मोडून गाड्या विकल्या. ऑगस्ट २०११ मध्ये दुरुस्ती होऊन या गाड्या मुक्त झाल्या. तोवर सारा उद्योग एका सुरात सांगत होता की चांगल्या हेतूने, पण घाईने आणि वापरणाऱ्याला न विचारता केलेला नियम कुटुंबांचे नुकसान करतो, आणि मुलांना त्यांच्या मापाच्या गाडीवरून मोठ्यांच्या धोकादायक गाडीवर ढकलतो. तो युक्तिवाद तेव्हा बरोबर होता. मग हेच तत्त्व स्वतःच्या नियमपुस्तिकेला का लावू नये?

पुढची परीक्षा विजेच्या गाड्यांची आहे. केटीएमने २०१९ मध्ये एसएक्स-ई ५ आणली, ताकद ५ किलोवॅट, आणि ती थेट ५० सीसीच्या मुलांपुढे ठेवली. पिस्टन नाही, तेलमिश्रित पेट्रोल नाही, आवाज नाही. खर्च कमी करण्याची क्षमता या गाड्यांत खरोखर आहे. पण विजेच्या मोटरची ताकद सॉफ्टवेअरने ठरते, आणि सॉफ्टवेअर बदललेले डोळ्यांना दिसत नाही. किती किलोवॅट म्हणजे किती सीसी, हे समीकरण आज घाईने लिहून टाकले तर फोर-स्ट्रोकची गोष्ट जशीच्या तशी पुन्हा घडेल, फक्त यावेळी ती पाच वर्षांच्या मुलांच्या वर्गात घडेल. स्वतंत्र वर्ग, मोटरची ताकद ठरवणारा कंट्रोलर कुलूपबंद, आणि ठरावीक वर्षांनी सक्तीचा फेरविचार, एवढे आधी लिहून मगच दार उघडावे.

गाडीवर कितीही बंधने घातली तरी प्रवासाचा, मुक्कामाचा आणि प्रशिक्षणाचा खर्च कोणता नियम रोखणार, असा शेवटचा प्रश्न उरतो. माझ्या मते हा सर्वांत अवघड आणि सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे, कारण याचे उत्तर गाडीच्या नियमांत नसून स्पर्धेच्या रचनेत आहे. सहा वर्षांच्या मुलाला राष्ट्रीय विजेता का व्हावे लागते? ज्या देशात हे घडते त्याच देशात यूएसए हॉकीने २००९ मध्ये आपली नवी विकासपद्धत स्वीकारताना बारा वर्षांखालची राष्ट्रीय स्पर्धा बंद करण्याचा निर्णय घेतला, आणि त्यानंतर अमेरिकन हॉकीला खेळाडूंचा दुष्काळ पडला नाही. नॉर्वेने तर मुलांच्या खेळहक्कांचे नियम करून तेरा वर्षांखालील मुलांना राष्ट्रीय विजेतेपदाच्या स्पर्धांपासून दूरच ठेवले आहे, आणि हिवाळी ऑलिंपिकच्या पदकतक्त्यावर तो छोटा देश वर्षानुवर्षे अग्रभागी आहे. कारमायकेल किंवा स्टुअर्ट यांची गुणवत्ता ते लहानपणी टेनेसीपर्यंत गेले नसते तर सोळाव्या वर्षी लपून राहिली असती, असे मानणे मला शक्य नाही. एएमएने चार ते आठ वयोगटांची स्पर्धा प्रादेशिक फेरीपाशी थांबवली, तर त्या कुटुंबांचा टेनेसीचा प्रवास आणि त्यासाठी बांधलेली दुसरी गाडी एका ओळीच्या नियमाने वाचते. मुलांना शर्यती तेवढ्याच मिळतील, घराजवळच्या ट्रॅकवर. तोच रविवारचा ट्रॅक आणि त्याचे दोन-चार स्वयंसेवक यांना गर्दीची आणि प्रवेशशुल्काची सर्वांत जास्त गरज आहे.